केसपेपरवरचं ‘पाय मुरगळला’

मा. संपादक,

शालेय खो-खोचा हंगाम सुरू झालाय. पोरांचे पाय मुरगळणार, शेकले जाणार, आणि बहुतेक आठवड्याभरात बरेही होणार. हे पत्र उरलेल्यांसाठी.

माझी मुलगी तेरा वर्षांची. खांबाला वळसा घेताना डावा पाय दुखावला, एवढंच निमित्त. पहिल्या दवाखान्यात केसपेपरवर ‘पाय मुरगळला’ असं लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तेच वाचून गोळ्या आणि क्रेप बँडेज मिळालं. मोजा काढ म्हणायचीसुद्धा कुणाला सवड नव्हती. करंगळीशेजारच्या बोटामागे फुगवटा, बुटाची नाडी बांधता येईना. दिवसा पळायची, रात्री मात्र उठून पाय धरून बसायची. पहिला एक्स-रे नॉर्मल आला होता, मग दुसरा कशाला? वाढीचं दुखणं म्हणणारे नातेवाईक तर घरोघरी असतातच.

निघाला युइंग सार्कोमा. अमेरिकेतल्या डॉ. जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये वर्णन केलेला हाडांचा कॅन्सर. दहा ते वीस या वयात जास्त दिसतो; मांडीत, कमरेत, बरगडीत होतो, पावलात क्वचितच. मार लागून तो होत नाही. मारामुळे फक्त तिकडे लक्ष जातं, आणि सगळं खापर त्या पडण्यावर फुटतं. कधी ताप येतो, मग जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं. सुरुवातीच्या एक्स-रेत तो निसटू शकतो. एमआरआयमध्ये नीट कळतो, पण पक्कं निदान बायोप्सीचंच.

तीही कुठेही उरकायची नसते. ‘गाठ इथंच कापून बघू’ म्हणणारे आम्हाला भेटले. चुकीच्या जागी चिरा गेला तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं, म्हणून जिथे उपचार घ्यायचे तिथेच बायोप्सी. आम्ही परळला टाटात गेलो. केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. हाडाच्या कॅन्सरची पोरं घेऊन आलेल्या आईबापांशी बोलताना ‘खेळताना लागलं’ हे वाक्य तिथे बरेचदा कानावर पडलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येऊन दात, डोळे बघतात. त्यांनी खेळाडू मुलांना आणखी एक विचारावं : रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, आणि कधीपासून? दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर पाय चोळत बसण्याऐवजी पोराला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवावं आणि नवा केसपेपर काढावा, जुन्यावरून उतरवलेला नको.

– एका खो-खोपटूची आई, विटा (जि. सांगली)