बाबा, तो नळ टिपकू द्या

ती. आई-बाबा,
सा. न.

सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागल्यात, त्यामुळे इकडची काळजी करू नका. मला तुमचीच काळजी लागलीय. तिकडचं हवामान बघितलं तर बुधवारपासून रात्रीचा पारा उणे वीसच्या खाली दाखवतोय आणि तेही सेल्सिअसमध्ये. आपल्या निफाडला पारा चार-पाचवर आला तरी पेपरात फोटोसकट बातमी येते, आणि नाशिकच्या थंडीत फार तर सोलरचं पाणी गार येतं. तुमच्या तिकडे अमेरिकेत, नेपरविलच्या थंडीत, भिंतीतले पाईप गोठून फुटतात आणि घरभर पाणी होतं. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून लिहितेय, बाबा प्लीज प्रिंट काढून फ्रिजवर लावा.

आधी नळाचं. बाबा, तुम्ही झोपायच्या आधी घरभर फिरून सगळे नळ घट्ट आवळता हे मला माहितीय. सिन्नरला टँकरची वाट बघत तुमचं लहानपण गेलंय, थेंब वाया गेला तरी तुमचा जीव तुटतो आणि तीच सवय आम्हा भावंडांनाही लागलीय. पण या तीन-चार रात्री तुम्ही ते करायचं नाही. पाणी गोठलं की जवळपास ९ टक्के फुगतं, पाईपमध्ये बर्फाचा बोळा बसतो, आणि तो बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं त्याच्यावर प्रेशर इतकं वाढतं की पाईप फाटतो, कितीदा तर बर्फ एकीकडे आणि फाटतो भलतीकडेच. नळ जरासा चालू असला की प्रेशरला वाट मिळते, शिवाय वाहतं पाणी लवकर गोठत नाही. पिंपळगावचे मामा कडाक्याच्या थंडीत पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सोडतात ना, बोअरचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून, तेव्हा त्यांना कोणी पाणी वाया घालवता असं म्हणत नाही, बाग वाचवतात म्हणतो. हेही तसंच समजा.

धार दोऱ्याएवढी पुरे. किचनचा नळ आणि वरच्या मजल्यावर गॅरेजच्या डोक्यावर जे बाथरूम आहे तिथला बेसिनचा नळ, हे दोनच, पण दांडी मधोमध ठेवा म्हणजे गरम-गार दोन्ही पाईपातून पाणी येत राहील. खाली पातेलं लावून ठेवा आणि सकाळी तेच पाणी भांड्यांना, झाडांना वापरा म्हणजे तुमच्याही मनाला लागणार नाही.

आई, किचनच्या सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री सताड उघडी ठेव. ती भिंत बाहेरची आहे, दारं बंद असली की घरातली ऊब आतल्या पाईपांपर्यंत पोचतच नाही. तिथे ठेवलेल्या साबणाच्या बाटल्या बाजूला काढ, अर्ध्या रात्री पाणी प्यायला उठलीस तर पायात यायला नकोत. वरच्या बाथरूमच्या बेसिनखालीही तसंच. गॅरेजचं दार गाडी आत घेतली की लगेच खाली करा.

थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर (साधारण २० सेल्सिअस) आहे तो दिवसरात्र ६८ वरच राहू दे, बिलाचा विचार करून रात्री कमी करू नका. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी पोटमाळ्यात उघडे पाईप लावून तपासलं होतं, तेव्हा बाहेर २० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण उणे सातला धोका सुरू होतो असं दिसलं. तुमच्याकडे त्याच्याही बरंच खाली जाणारे. आणि लाइट गेली तर घर गरम ठेवणारा फर्नेसही बंद पडतो. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये तेच झालं, ऐन थंडीत वीज गेली आणि असंख्य घरांतले पाईप फुटले. त्यामुळे लाइट तासाभरात आली नाही तर घरात बसून राहू नका, शेजारच्या काकूंकडे जा, मी त्यांच्याशी बोललेय.

सकाळी एखाद्या नळाला पाणीच आलं नाही किंवा अगदी बारीक आलं तर पाईप गोठलाय असं समजा. नळ उघडाच ठेवा आणि प्लंबरला बोलवा, नंबर फ्रिजवरच आहे. तो येईपर्यंत सिंकखालचा दिसणारा पाईप हेअर ड्रायरने नळाच्या बाजूने मागे मागे शेकत गेलात तर चालेल, पण खाली पाणी सांडलेलं असेल तर ड्रायरला हात लावायचा नाही. मेणबत्ती, लायटर, शेगडी काहीही जवळ न्यायचं नाही, लाकडाचं घर आहे ते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मेन व्हॉल्व्ह. बेसमेंटमध्ये जिना उतरल्यावर डाव्या हाताला पाण्याचा मीटर आहे, त्याच्या शेजारी पिवळी दांडी दिसेल. पाईपच्या दिशेने असेल तर चालू, पाईपला आडवी केली की घराचं सगळं पाणी बंद. कुठूनही पाणी पडताना दिसलं तर पुसायला धावू नका, आधी ती दांडी आडवी करा, मग नळ उघडून पाईपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसमेंटमध्येच पाणी साचलेलं असेल तर मात्र खाली उतरू नका, तिथे विजेचं पॅनल आहे, सरळ शेजारी जाऊन फोन करा.

मलाही लगेच फोन करा, इकडे किती वाजलेत ते बघत बसू नका. आणि बुधवारच्या आधी, म्हणजे तुमच्या उद्या सकाळी नऊला, इथे रात्रीचे साडेआठ असतील, तेव्हा मी व्हिडिओ कॉल करते, बाबा तुम्ही फोन घेऊन बेसमेंटमध्ये जा आणि ती दांडी एकदा आडवी-उभी करून मला दाखवा.

तुमची,
ताई