बारचं ठरवू, पण आधी माणसं मोज

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर मी नुसतं हूं हूं करत होतो कारण तुझी आई शेजारीच गहू निवडत बसली होती, तिच्यापुढं काय बोलणार, म्हणून आज निवांत लिहायलो. हळदीच्या रात्री दोस्तांसाठी बार ठेवायचा म्हणायलास ना, ठेव. मी काय माळकरी नाही हे तुला माहितीय. पण तुझ्या सासऱ्याच्या गळ्यात माळ आहे, त्यामुळं लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या आवारात बाटलीचं झाकण पण दिसलं नाही पाहिजे. आदल्या रात्री, लातूरच्या एखाद्या हॉटेलात, वेगळा हॉल घेऊन.

चोरून तर अजिबात नको. आपल्या भावकीतलं ते लग्न आठव, तू दहावीला होतास. कारच्या डिक्कीत खंबे, पोरं पाण्याच्या टाकीआड उभी, डिस्पोजल ग्लासात अर्धी दारू अन् वरून कोमट पाणी, पोटात सकाळपासून चहाबिगर काही नाही, वर मे महिन्याचं ऊन. नवरदेवाचा मामा डीजेच्या गाडीवर चढला अन् तिथून जो खाली आला, हातच मोडला. अक्षता पडायला दोन तास उशीर. त्या लग्नात जेवण काय होतं कुणाला आठवत नाही, मामाचा हात मात्र सगळे काढतात. हे सगळं झालं कारण वाढणारा कुणी नव्हता, ज्यानं त्यानं आपल्या हातानं ओतून घेतली.

म्हणून वाढायला माणूस पाहिजे, मापाचा पेग देणारा. हॉटेलवाल्याला आधी विचार की त्याच्याकडं परमिट रूम आहे का अन् त्या हॉलमधी त्याच लायसन्सवर चालतं का. नसल तर राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसातून एका दिवसाचं लायसन्स काढायचं, तारखेच्या बरंच आधी, अन् त्याच वेळी बघून घे मधी कुठलं इलेक्शन तर येत नाही, ड्राय डे लागला की सगळं मुसळ केरात. पिणाऱ्याचा एक दिवसाचा परवाना 5 रुपयाचा असतो, तोही घेऊन ठेव. अजून एक, आपल्या राज्यात व्हिस्की-रमला वय 25 लागतं अन् बिअरला 21. तुझी चुलत भावंडं 22-23 ची आहेत, ती तोंड वाकडं करतील, करू दे, त्यांच्या आयांना तोंड मला द्यायचंय.

आता हिशोब. 750 च्या खंब्यात 60 चे बारा पेग निघतात. पिणारे 50 धरले अन् प्रत्येकी तीन, तर 150 पेग, म्हणजे 13 खंबे. तू 30 म्हणत होतास, ते कुठून काढलं देव जाणे! त्यातले निम्मे बिअरवाले असतील तर अजून कमी, बिअरची पेटी 12 बाटल्यांची येते. न उघडलेल्या बाटल्या परत घेतो का हे वाईन शॉपवाल्याला आधीच विचार. बर्फ मात्र खायचाच आण, लादीवाल्याचा स्वस्त पडतो म्हणून उचलू नको, खायचा नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम 2018 लाच झालाय पण पाळतो कोण. चकण्यावर भागवू नको, मटण-भाकरी नऊलाच लावायची, पेग चालू असतानाच. अन् साडेअकराला बार बंद म्हणजे बंद. पुण्याच्या पोरांना तिथंच खोल्या, गाड्यांच्या चाव्या तुझ्या मामाकडं.

हे झालं 50 माणसांचं. खरं डोकं लावायचंय ते 1200 माणसांच्या पिण्याला, अन् त्याबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस. 2016 ला आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांनी टँकर आधी ठरवला, बँड नंतर. माणशी दोन लिटर धरलं तर 20 लिटरचे 120 जार होतात, वर दहा-वीस जास्तीचे. मठ्ठा माणशी दीड ग्लास, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे लिटर. आचाऱ्याला मी सांगितलंय की दही आदल्या सांजच्याला लावायचं, आलं-मिरचीचं वाटण अन् भाजलेल्या जिऱ्याची पूड पंगत बसताना टाकायची, सकाळीच टाकून ठेवलं तर दुपारपर्यंत मठ्ठा आंबतो अन् तिखट खाली बसतं, मग पहिल्या पंगतीला नुसतं पाणी अन् शेवटच्याला ठसका. वऱ्हाड उतरल्या उतरल्या पन्हं द्यायचं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत, लोक अर्ध्या टाकून देतात.

तुझ्याकडून मला दोनच आकडे पाहिजेत, पुण्याहून किती येणार अन् त्यातले घेणारे किती. अंदाजे नको, एकेकाला विचारून सांग. जारवाला ॲडव्हान्स मागायलाय अन् हॉटेलवाल्याला मी रविवारी भेटणारे. फोन संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा आई मंदिरात असती.

तुझा अण्णा