सोडचिठ्ठीचा स्टॅम्प पेपर म्हणजे घटस्फोट नव्हे

महोदय,

पाचशेचा स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि खाली नोटरीचा गोल शिक्का. एवढ्यावर ‘फारकत झाली’ असे धरून दुसरे लग्न लावून देणारी घरे नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत आजही आहेत. कायद्याच्या नजरेत पहिले लग्न कायमच असते, म्हणून दुसरे रद्दबातल ठरते आणि गुन्हाही होतो. नवऱ्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मागायला गेल्यावर दुसरीला हे कळते, तोवर फार उशीर झालेला असतो. रूढीने फारकत चालत असेल तर हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ ती मानते, पण रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. दीक्षाभूमीच्या या शहरात आणखी एक सांगायलाच हवे : १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे.

दोघांचीही तयारी असेल तर याच कायद्यातल्या कलम १३-ब चा, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाचा, रस्ता मोकळा आहे. किमान एक वर्ष वेगळे राहणे झालेले हवे. एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तरी ते वेगळे राहणेच. लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, आधार आणि प्रतिज्ञापत्र जोडून कुटुंब न्यायालयात संयुक्त अर्ज करायचा. समुपदेशक दोघांशी बोलतात. पुढे सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दुसरी पेशी होते. वेगळे राहून दीड वर्ष उलटले असेल आणि पोटगीचे आणि मुलांच्या ताब्याचे सगळे मिटले असेल, तर ते सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. माफी आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज द्यावा लागतो.

प्रकरण फिसकटते ते या मधल्या काळात. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून अटी मोघम ठेवू नका. ‘सामान परत करीन’ असे लिहिले की भांडण ठरलेले. मंगळसूत्र किती ग्रॅमचे, कपाट कोणाकडे, कोणत्या तारखेला द्यायचे, हे सगळे लिहा. एकरकमी पोटगीचा काही भाग अर्जाच्या दिवशी आणि उरलेला दुसऱ्या पेशीला डिमांड ड्राफ्टने घ्यावा. पुढच्या तारखेचा चेक घेऊच नये. मूल कोणाकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत किती दिवस दुसऱ्याकडे, हेही लिहा. मुलाच्या खर्चाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, तशी अट पुढे टिकत नाही. बायकोच्या छळाची तक्रार (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) असेल तर घटस्फोटाने ती संपत नाही. ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वेगळा अर्ज लागतो.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून नोटरीची वाट धरणाऱ्या बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

– एक वकील, नागपूर