सनदेच्या अपिलाचा खर्च कोणी सोसायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गैरवर्तनाबद्दल वकिलाची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, निलंबित झाली की त्याची बातमी होते. तक्रारदाराचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही.

समजा, पाटण तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची तक्रार राज्य बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, शिस्तपालन समितीपुढे शाबीत झाली. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३७ खाली वकील ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करतो. तो त्याचा हक्कच आहे, सनदेवर त्याचे पोट आहे. पण त्या अपिलात शेतकरी जाबदार, म्हणजे उत्तर देणारा पक्ष, होतो. हाती आलेला निकाल राखायला त्याने दिल्लीपर्यंत धाव घ्यायची. रेल्वेभाडे, मुक्काम, कागदपत्रांच्या नकला, वकिलाची फी, बुडालेली मजुरी. आणि पुढची तारीख पडली की हे सगळे पुन्हा. तिथे हरला तरी वकिलाला कलम ३८ खाली सर्वोच्च न्यायालय आहेच.

कायद्यात सोय नाही असे मुळीच नाही. कलम ४३ प्रमाणे शिस्तपालन समिती योग्य वाटेल तो खर्चाचा हुकूम करू शकते. राज्य समितीचा हुकूम उच्च न्यायालयाच्या आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमासारखा बजावता येतो. रक्कम कशी ठरवावी, यालाही आधार आहे. दिवाणी दाव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात सांगितले की खर्च प्रत्यक्ष झालेला व वाजवी असावा आणि त्यात प्रवास, मुक्काम, गेलेला वेळही धरावा. सनदेच्या अपिलात हेच माप का लावू नये?

मी स्वतः सनदधारक आहे. दावा हरल्याचा राग पक्षकार वकिलावर काढतात, हेही मी पाहिले आहे. तक्रार जाणूनबुजून खोटी केल्याचे दिसले, तर वकिलाचा खर्च तक्रारदाराने भरावा. मात्र केवळ पुरावा कमी पडला म्हणून त्याच्यावर बोजा टाकू नये; नाहीतर गरीब माणूस तक्रार करायलाच धजावणार नाही. कौन्सिलने स्वतःहून कारवाई केली आणि वकिलाचे म्हणणे न ऐकताच शिक्षा दिली, तर तो खर्च कौन्सिलच्या निधीतून जावा.

‘खर्चाबाबत हुकूम नाही’ एवढ्यावर अपील निकाली काढू नये. खर्च द्यायचा नसेल, तर का नाही, हे समितीने निकालपत्रात लिहावे.

– एक सनदधारक वाचक, सातारा