आजार ओळखणाऱ्या चिपला ३ नॅनोमीटर लागत नाही

संपादक महोदय,

चिपची बातमी आली की ५ नॅनोमीटर, ३ नॅनोमीटर हेच ठळक छापून येतं, जणू ट्रान्झिस्टर जेवढा बारीक तेवढी चिप भारी. मी सर्किट डिझाइनच्या कामातला आहे, आणि संसर्गजन्य आजार ओळखणाऱ्या चिपच्या बाबतीत हे बरंचसं उलटं आहे म्हणून लिहितोय.

पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये आयसफेट मांडला. या ट्रान्झिस्टरच्या गेटवर, म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या टोकावर, धातूऐवजी द्रव असतो, द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) बदलला की करंट बदलतो. जंतूच्या डीएनएच्या कॉपी बनताना प्रत्येक नवीन अक्षर जोडलं की एक प्रोटॉन (हायड्रोजन आयन) सुटतो, कॉपी वाढत गेल्या की द्रव आम्ल होत जातो, म्हणजे पीएच उतरतो. ना लेझर लागत, ना कॅमेरा. मला अजूनही हे फार सुंदर वाटतं!

पण एका पीएचच्या फरकाला सगळं आदर्श असलं तरी खोलीच्या तापमानाला साधारण ५९ मिलिव्होल्टच मिळतात, आणि काहीच घडत नसताना सुद्धा सेन्सरचं रीडिंग हळूहळू सरकत राहतं. हा ड्रिफ्ट म्हणजे खरी डोकेदुखी, कारण डीएनए पण मिनिटामिनिटानेच वाढतो, मग कुठलं सरकणं जंतूमुळे आणि कुठलं सेन्सरमुळे हे कसं ओळखायचं? म्हणून शेजारी जंतू नसलेला थेंब ठेवून वजाबाकी करतात. त्यात ट्रान्झिस्टर बारीक केला की फ्लिकर नॉइज (करंटची संथ, आपोआप होणारी थरथर) वाढतो, लीकेज म्हणजे बंद असताना झिरपणारा करंट पण. म्हणून १८० किंवा ३५० नॅनोमीटरची जुनी प्रोसेसच इथे बरी पडते, वर तिच्यावरचं सिलिकॉन नायट्राइडचं संरक्षक आवरणच पीएच ओळखतं.

सिग्नल स्लो असल्याचा फायदा पण आहे, सेकंदाला एक रीडिंग पुरतं, मधल्या वेळात सर्किट झोपवायचं आणि ट्रान्झिस्टर थ्रेशोल्डच्या (पूर्ण चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) खाली नॅनोअँपिअरवर चालवायचे. बॅटरी खातो तो थेंब गरम ठेवणारा हीटर. डीएनएच्या कॉपी बनवण्याच्या लॅम्प (LAMP) नावाच्या पद्धतीत पीसीआरसारखं तापमान वर-खाली करावं लागत नाही, तरी ६०-६५ डिग्री धरून ठेवावे लागतात. २० मायक्रोलिटरचा थेंब २५ वरून ६५ डिग्रीवर न्यायला साडेतीन जूलसुद्धा लागत नाहीत, पण तो अर्धा तास गरम ठेवताना उष्णता चारी बाजूंनी निसटत राहते आणि बॅटरी तिथेच संपते.

त्यामुळे अशा यंत्राबद्दल छापताना नॅनोमीटरच्या आधी हे विचारा की हीटर धरून एका चार्जमध्ये किती टेस्ट होतात आणि ड्रिफ्ट कसा काढला.

आपला,
एक सर्किट डिझायनर