टायसनची नोंद राहू द्या, मान नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन बॉक्सर माइक टायसनवर आलेला लेख दोनदा वाचला. बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर बॉक्सरांचा मान राखणाऱ्या संग्रहालयात, तो शोभतो यात वादच नाही, असा लेखकाचा सूर आहे. मला तो अजिबात मान्य नाही. मी टायसनचा द्वेष करणारा माणूस नाही, उलट छत्तीस वर्षं त्याचा फोटो आमच्या तालमीच्या भिंतीवर मीच जपला. म्हणूनच लिहितो आहे.

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात मी खेळशिक्षक होतो. मारुतीच्या देवळामागं आमची तालीम. कुस्ती जुनी, बॉक्सिंग मी १९८७ साली सुरू केलं. कापसाच्या बोऱ्यात चिंध्या नि भुसा दाबून भरायचा आणि नाड्यानं कडुनिंबाला टांगायचा, ही आमची बॅग. ग्लोव्हजच्या दोन जोड्या साऱ्या गावात. १९८८ साली टायसननं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवं केलं, तेव्हा एका क्रीडा मासिकात त्याचा फोटो आला. तो कापला, खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवला आणि तालमीत खिळ्याला अडकवला.

पोरांना त्या फोटोवरून मी शिकवलं आहे. दोन्ही मुठी गालाला टेकवलेल्या, कोपरं बरगड्यांशी, मान एका जागी कधीच नाही. उंची जेमतेम ५ फूट १० इंच, म्हणजे हेवीवेटमध्ये बुटकाच. समोरच्याचे लांब हात चुकवून आत शिरायचं, उजव्या हातानं बरगडीवर हूक, म्हणजे वाकवल्या हाताचा आडवा ठोसा मारायचा आणि तोच हात मागं न नेता हनुवटीखाली अपरकट, म्हणजे खालून वर ठोसा. कस डी'अमॅटो या म्हाताऱ्या वस्तादानं सुधारगृहातून आलेल्या या पोराला घरात ठेवून हे शिकवलं. पोरगा जगज्जेता झालेला पाहायला तो वस्ताद राहिला नाही, वर्षभर आधीच गेला. नोव्हेंबर १९८६ मध्ये ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून टायसन सर्वांत तरुण हेवीवेट विजेता ठरला. वय २० वर्षं ४ महिने. पुढं कारकिर्दीत ५० विजय, त्यातले ४४ नॉकआउट. यातला एकही आकडा मी खोडायला सांगत नाही.

पण १९९२ साली इंडियानापोलिसच्या कोर्टानं त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं. मुलगी अठरा वर्षांची होती. सहा वर्षांची शिक्षा झाली, जवळपास तीन वर्षं तो तुरुंगात होता. त्यानं गुन्हा कधी कबूल केला नाही, हेही खरं आहे. आपल्या लेखात या साऱ्यावर एक ओळ आहे, आणि तीही "वैयक्तिक आयुष्यातली वादळं" अशी. संपादक महाशय, हे वादळ नव्हे. वादळ आपल्यावर येतं. हे त्या मुलीवर आलं.

ती बातमी आली तेव्हा मी फोटो काढला नाही. मनाशी म्हटलं, रिंगमधलं रिंगमध्ये, बाहेरचं बाहेर. तालमीत तेव्हा सगळी पोरंच होती, कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आता तालमीत नऊ पोरी येतात. नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ साली युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, त्यानंतर गावातल्या आयाच पोरींना घेऊन आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा टायसन यूट्यूबवरून नावारूपाला आलेल्या जेक पॉलशी लढला, ती लढत पोरांनी मोबाइलवर पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी आठवीतल्या एका पोरीनं त्याच मोबाइलवर बाकीचंही वाचलं. संध्याकाळी मी तिच्या मनगटाला पट्टी गुंडाळत होतो. अंगठ्याचा फेरा झाला, बोटांच्या बेचक्यातून पट्टी काढत होतो, तेवढ्यात फोटोकडं पाहून ती म्हणाली, "सर, ह्यानं त्या पोरीसंगं असं केलं, मंग ह्याचा फोटो आपल्या इथं काऊन हाय?"

त्या पोरीच्या घरी काय चालतं ते मला ठाऊक आहे, ते इथं लिहीत नाही. पट्टी मी अर्ध्यावर सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळली. उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फोटो काढला.

जुन्या विद्यार्थ्यांचे पुण्याहून, नागपुरातून फोन आले. रेकॉर्ड ते रेकॉर्ड, सर. शिक्षा भोगून झाली, आता किती दिवस? तो ब्राउन्सव्हिलसारख्या दरिद्री वस्तीतला पोरगा, त्याला कोण होतं? ही मंडळी मला प्रिय आहेत, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथं मांडतो.

शिक्षा भोगली, म्हणून त्याला जगण्याचा, कमावण्याचा, रिंगमध्ये उतरण्याचा हक्क परत मिळाला. मिळायलाच हवा होता. मान मात्र हक्कानं मागता येत नाही, तो लोक देतात आणि देताना माणूस पाहतात. गरिबीचं म्हणाल तर माझ्या तालमीतली निम्मी पोरं दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्यांची आहेत. गरिबीतून असंच होतं असं मी म्हणालो, तर त्यांचाच अपमान होईल. आणि रिंगमधलंच पाहायचं असेल तर तेही पाहू. २८ जून १९९७ ला तिसऱ्या फेरीत त्यानं समोरच्या इव्हँडर होलीफील्डच्या उजव्या कानाचा तुकडा दातांनी तोडला, ताकीद मिळूनही डाव्या कानाला चावा घेतला. लायसन्स रद्द झालं, ३० लाख डॉलर दंड झाला. आमच्या फडात कुणी असं केलं असतं तर त्याला पुन्हा लंगोट बांधू दिला नसता.

तो हॉल आहे तरी कुठं? न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा नावाच्या लहान गावात. कांदा पिकवणारं गाव. तिथल्या कांदा शेतकऱ्याचा पोरगा कार्मेन बॅसिलिओ, त्यानं १९५७ साली जगज्जेत्या शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. आपल्या माणसाच्या अभिमानातून गावानं हे संग्रहालय उभारलं. हे वाचलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता. पण १९९० मध्ये पहिल्याच यादीत अर्जेंटिनाचा बॉक्सर कार्लोस मॉन्झॉनचं नाव होतं. त्यानं १४ वेळा जगज्जेतेपदाचा किताब राखला होता, आणि त्या वर्षी तो आपल्या मुलाच्या आईच्या खुनासाठी तुरुंगात होता. पायंडा पडला तो तिथं. त्याला घेतलं मग टायसनला का नको, हा युक्तिवाद मला चालत नाही. एकदा चुकीचा माणूस पाटावर बसवला म्हणून पुढच्या प्रत्येकासाठी पाट मांडायचा का?

आता जे सांगतो ते आपल्या लेखात नव्हतं. मार्च १९९६ मध्ये टायसन आणि ब्रुनोच्या लढतीआधी त्याच रिंगमध्ये ख्रिस्टी मार्टिन नावाची बाई लढली. नाकातून रक्त गळत होतं तरी सहा फेऱ्या पूर्ण करून जिंकली. बायकांचं बॉक्सिंग अमेरिकेत घरोघर पोचलं ते त्या रात्रीमुळं. नोव्हेंबर २०१० मध्ये तिच्या नवऱ्यानं, जो तिचा प्रशिक्षकही होता, तिला चाकूनं भोसकलं आणि गोळी घातली. ती तशीच घराबाहेर रस्त्यावर आली, एका गाडीवाल्यानं तिला दवाखान्यात नेलं. नवऱ्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. जून २०११ मध्ये ती पुन्हा रिंगमध्ये उतरली आणि हरली. त्याच जून महिन्यात कॅनास्टोटात टायसनचा सन्मान झाला. हॉलनं बायकांना दार उघडलं २०२० च्या यादीपासून, आणि त्या पहिल्या यादीत ख्रिस्टी मार्टिन आहे.

म्हणजे आज एकाच छताखाली दोघंही आहेत. टायसनचे ग्लोव्हज, लढतींच्या फिती, आकडे संग्रहालयात खुशाल ठेवा, १९९२ आणि १९९७ ची पाटीही शेजारी लावा, येणारा माणूस सगळं वाचेल. इतिहास लपवावा असं मला कधीच वाटलं नाही. पण ख्रिस्टी मार्टिनच्या मानाच्या रांगेत त्याला बसवणं मला पटत नाही, आणि त्या पोरीला ते समजावून सांगणं मला या जन्मात जमणार नाही.

फोटो मी फाडला नाही. कपाटात हजेरीच्या वह्यांखाली ठेवला आहे. बचाव शिकवायचा असतो तेव्हा काढतो, शिकवतो, परत ठेवतो. कुणी विचारलं तर सगळं सांगतो.

एक विनंती. पुरवणीत जागा असेल तर ख्रिस्टी मार्टिनवर लिहा, फोटो मोठा छापा. पेपर आमच्या गावात सकाळी नऊच्या एसटीनं येतो. खिळा अजून भिंतीवर आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती