कांग्याच्या काठावरची ओळ

दार-ए-सलाम, टांझानिया
१८ जुलै

प्रिय सुमे,

चौदा महिने तुला पत्र नाही. सणावाराला फोन, "कशी आहेस", "बरी आहे", आणि मग रेंज गेल्याचं निमित्त. आज लिहायला बसले, कारण घरात एक गोष्ट चालली आहे आणि ती ह्यांना सांगून कळत नाही. "कापड आहे ते, त्यात काय वाचायचं?" म्हणतात. तुला कळेल. रागावलीस की होस्टेलच्या मनीला समोर बसवून "मने, काही लोकांना वही परत करायची पद्धत नसते हो," असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगायचीस तू.

तब्येती बऱ्या. ह्यांची साखर गोळ्यांवर, माझी पाठ आहे तशीच. आदू तिकडे थंडीत कुडकुडतो आणि सांगत नाही. झालं.

तर मामा रेहेमा, घरी कामाला येते ती (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, म्हणून मी इथे मामा आदित्य). तिची आई मे महिन्यात गेली. तीच गं, जिने तुझ्यासाठी काशाता पाठवली होती आणि तू "बिनवेलचीची नारळवडी" म्हणून सगळी एकटीने संपवली होतीस. पहाटे फोन आला. मी "पोले साना" म्हणाले. इथे पाय ठेचकाळला तरी "पोले" आणि माणूस गेलं तरी "पोले". दुपारी दफन होतं. आणि नेमकी त्याच दिवशी नणंदेकडची मंडळी विमानतळावर उतरली, दुसऱ्या दिवशी त्यांना मिकुमीला हत्ती दाखवायला न्यायचं होतं. मी मोबाइलवरून पैसे पाठवले. चांगले भरपूर पाठवले. त्याला रांबिरांबी म्हणतात, दुखवट्याचे पैसे. कोणी किती दिले ते दारातल्या वहीत लिहून ठेवतात, त्या वहीला दाफ्तारी म्हणतात. त्या वहीत माझं नाव आहे, आकडा आहे. मी नाही.

इथे म्सिबा, म्हणजे दुखवटा, कसा असतो, हे अकरा वर्षांत मी न बघितल्यातलं नाही. अंगणात चटया टाकतात, बायका कांगे गुंडाळून तीन तीन दिवस नुसत्या बसून राहतात. भात निवडतात, भांडी घासतात, मधेच रडतात. बोलायचं काही नसतंच. येऊन टेकायचं असतं. ज्या बाईने माझ्या आदूला गोवरात सात रात्री मांडीवर घेतलं, तिच्या आईच्या चटईवर मला तासभर टेकता आलं नाही.

बारा दिवसांनी ती कामावर आली. हसली, नणंदेची चौकशी केली, वाटाणे सोलायला बसली. आणि उठून ओट्याकडे वळली तेव्हा मला ओळ दिसली.

कांगा तू बघितला आहेस, पण नीट सांगते. दीड मीटर लांब, साधारण एक मीटर दहा रुंद. चारी बाजूंनी जाड काठ, त्याला पिंडो म्हणतात, मधलं अंग म्हणजे म्जी, म्हणजे गाव. आणि गावाच्या खालच्या अंगाला, काठाच्या जरा वर, एका चौकटीत मोठ्या अक्षरांत एक ओळ छापलेली असते. तिला जिना म्हणतात, म्हणजे नाव. नक्षी कितीही देखणी असो, बायका आधी नाव वाचतात. कमरेला गुंडाळला की ही ओळ मागे येते. म्हणजे बाई समोर असताना हसून बोलते, आणि खोलीतून जाताना तिचं खरं बोलणं तुला वाचायला मिळतं.

मामाच्या कांग्यावर होतं : आकुफाये क्वा धिकी न्दिये राफिकी. अडचणीत जो कामाला येतो तोच मित्र.

पुढच्या सोमवारी तोच कांगा. त्याच्या पुढच्या सोमवारीही तोच.

आता तू म्हणशील, विचार ना सरळ. तिथेच तर सगळी गोम आहे. विचारता येत नाही. विचारलंच, तर ती म्हणणार, "मामा आदित्य, कापड आहे, हाताला आलं ते नेसले." आणि ते खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. आपली म्हण आहे ना, लेकी बोले सुने लागे. तिथे निदान लेक समोर असावी लागते. इथे कोणीच लागत नाही. ओळ बाईने लिहिलेली नसते, छापखान्याने लिहिलेली असते. ती कोणासाठी आहे ते फक्त जिला लागायचं तिला कळतं. सासूला, जावेला, सवतीला, भाडं थकवणाऱ्याला, सगळ्यांना लागू पडणाऱ्या ओळी बाजारात मिळतात. किनाऱ्यावर अशा टोमण्याला मिपाशो म्हणतात, आणि लग्नातल्या ताराबच्या गाण्यांमधूनही तो तसाच फेकतात.

हे सगळं फार जुनं नाही, आणि मला ते जसजसं कळत गेलं तसा मामाचा कांगा मला जास्तच जड वाटायला लागला. झांजिबारमध्ये गुलाम बायकांना अंगावर कोरं अमेरिकन कापड, मेरिकानी, किंवा ते निळीत काळंशार बुडवलेलं कानिकी, एवढंच. रंग नाही, नक्षी नाही. १८९७ साली तिथे गुलामगिरी बंद झाली आणि त्या बायकांनी कानिकी टाकून रंगीत कांगे घ्यायला सुरुवात केली. कांगा म्हणजे खरं तर गिनी कोंबडी. आधीच्या कापडावर तसे ठिपके असत म्हणतात. त्याही आधी बायका छापील रुमाल सहा सहा जोडून शिवायच्या. केनियात अजून कांग्याला लेसोच म्हणतात, तो मूळचा पोर्तुगीज रुमाल. ओळी छापायची पद्धत मोंबासाच्या एका व्यापाऱ्याच्या नावावर सांगतात, कादरदिना हाजी एसाक. १८८७ मध्ये त्यांनी दुकान काढलं आणि "माली या अब्दुल्ला", अब्दुल्लाचा माल, ही त्यांची खूण कांग्यांवर अजून दिसते. पहिल्या ओळी अरबी लिपीत असायच्या. म्हणजे ज्या बाईला काल स्वतःचं कापड नव्हतं, तिच्या नातीच्या कापडावर आज वाक्य आहे. मग त्या नातीने मला एक वाक्य सुनावलं तर मी तक्रार कुठे करू?

आणि हे सगळं संग्रहालयात गेलेलं नाही गं. निवडणुकीत पक्ष कांगे वाटतात. एड्सची माहिती द्यायला कांगे छापले. २००८ मध्ये ओबामा निवडून आले तेव्हा त्यांच्या फोटोचा कांगा निघाला, खाली ओळ, "देवाने आपल्याला प्रेम आणि शांतता दिली." बाळंतपणाला दवाखान्यात जाताना पोरी कांगे घेऊन जातात, बाळ त्यातच झेलतात. समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी बँकेत जाते, सूट घालते, कांगा नेसत नाही. पण नवऱ्याशी बिनसलं की आईच्या कांग्यावरच्या ओळीचा फोटो काढून स्टेटसला ठेवते. काकवा, माम्या, सगळ्या नातेवाईक बायका तासाभरात फोनवर.

तुझी पिवळी ओढणी आठवली. खिडकीत पिवळी ओढणी म्हणजे "मेसमध्ये पिठलं आहे, वर येऊ नकोस, बाहेरच खाऊन ये." आणि मी ती वाळत घातलेली समजून तीन वेळा पिठलं खाल्लं, त्यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस! अजून माझं म्हणणं आहे की तू त्या ओढण्या धुऊनही तिथेच टाकायचीस.

तर गेल्या शनिवारी मी उहुरू स्ट्रीटला गेले. उत्तर कांग्यानेच द्यायचं ठरवलं. कारियाकूच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना छतापर्यंत कांगेच कांगे. दोन दोनची जोडी विकतात, तिला दोती म्हणतात, ऐकायला आपलं धोतरच. जोडी सलग छापलेली असते, घरी आणून मधे कापायची आणि कडा शिवायच्या. एक कमरेला, एक खांद्यावर किंवा डोक्यावर. आणि जिवलग मैत्रिणी असल्या तर दोघी एकेक वाटून घेतात.

दुकानदार म्हातारे कच्छी गृहस्थ. काठीने दोती खाली ओढायचे आणि ओळ मोठ्याने वाचायचे, चष्मा न लावता. नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्तु क्वा मानेनो याके : सिंहाला त्याच्या दातांसाठी घाबरते, माणसाला त्याच्या बोलण्यासाठी घाबरत नाही. हे नको. हासिदी हाना सबाबु : जळणाऱ्याला सबब लागत नाही. सबाबु म्हणजे आपली सबबच बघ. हेही नको. मग त्यांनी विचारलं, "कोणासाठी?" मी सांगितलं, आई गेली आहे तिची, मी गेले नव्हते. त्यांनी काठी ठेवली आणि मागच्या फळीवरून स्वतः काढून दिली : नानी कामा मामा. आईसारखं कोण?

ती घेतली. पैसे देत होते, तेवढ्यात बाजूच्या बाईसाठी त्यांनी एक हिरवी दोती ओढली आणि वाचली : सिसी सोते आबिरिया, देरेवा नी मुंगु. आपण सगळे पॅसेंजर, ड्रायव्हर देव.

सुमे, मला तिथेच तुझे अण्णा दिसले. खाकी शर्ट, खिशाला पेन, सांगली-पुणे गाडी स्वारगेटला लावून सुट्टीच्या तासाभरात होस्टेलच्या फाटकाशी उभे. हातात भडंगाच्या दोन पिशव्या. दोन. एक तुझी, एक माझी. कधी एकच आणली असं झालं नाही. तीन वर्षांत वॉर्डनबाईंनी त्यांना आत बसा म्हटलं नाही आणि त्यांनी कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. मला पहिल्यांदा तापाने घरी जायचं होतं तेव्हा त्यांनी मला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं आणि कराडच्या स्टँडवर माझ्यासाठी गाडी पाच मिनिटं जास्त थांबवली. अण्णांनी! जे मिनिटालाही सोडायचे नाहीत.

आणि ते गेले तेव्हा मी तुला फोन केला. चार मिनिटं. तू म्हणालीस, "अगं एवढ्या लांबून कशाला येतेस." मी ते खरं धरलं, कारण मला ते खरं धरायचं होतं. दिवाळीत पुण्याला आले, सहा दिवस राहिले, आणि सांगलीला आले नाही. बाणेरला फ्लॅट बघायला दोनदा गेले. तू काहीच बोलली नाहीस. नुसतं पुढच्या फोनला "बिझी आहे गं" म्हणालीस. तो तुझा कांगाच होता, आणि तो मी वाचला होता. वाचून न वाचल्यासारखं केलं.

मामाला कांगा देईन, पण तुला मी हे तोंडानेच सांगते. माझं चुकलं. मी यायला हवं होतं. अण्णांसाठी, आणि त्यांच्याहून तुझ्यासाठी.

हिरवी दोती मीच घेतली. त्या बाजूच्या बाईने हसत सोडली.

आठवडा झाला, दोन्ही कपाटात आहेत. मामाची नऊ वेळा बाहेर काढली. ओट्यावर ठेवू? ती पगाराच्या दिवशी कपडे मिळतात तशी घेईल. हे म्हणतात, ड्रायव्हरबरोबर घरी पाठव. म्हणजे परत पैसेच पाठवल्यासारखं. उद्या रविवार आहे. म्बागालाला मामाच्या घरी जाणार आहे, डालाडालाने, म्हणजे इथल्या मिनीबसने, गाडी न घेता. गाडी गल्लीत उभी राहिली की सगळी पोरं तिच्याभोवती जमतात आणि मग मी पाहुणी होते.

तुझं सांग. मुक्ताला कुठे मिळालं, सीईटीचे मार्क कळवले नाहीस. बदली रद्द झाली का? वहिनींनी जागेच्या कागदावर सही केली का अजून तसंच? गुडघ्याचं मनावर घे. तुझ्या दादाला सांग, इथे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, त्यामुळे ह्या देशात तो कोणाचाच दादा होऊ शकणार नाही.

तुझी,
वैजू

ता. क. (रविवार, रात्री)

पत्र टाकायचं राहिलं होतं, बरं झालं. जाऊन आले.

मामा अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून काही विचारलं नाही, चटईचा कोपरा सरळ केला. मी बसले. बऱ्याच वेळाने दोती दिली. तिने उलगडली, ओळीवरून बोट फिरवलं, परत घडी घातली. मग आत गेली आणि तो सोमवारचा कांगा घेऊन आली. पातळ झालेला, एका कोपऱ्याला मीठ-मसाल्याचा डाग. "हिई या मामा," म्हणाली. हा आईचा. आई गेल्यावर बहिणींनी वाटून घेतलं त्यात तिच्या वाट्याला आलेला.

मी म्हटलं, मला वाटलं तू मला सांगते आहेस. ती तांदळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीन दिवस शेजारणी विचारत होत्या, तुझी मामा आदित्य कुठे आहे."

एवढंच. नव्हतं तुला उद्देशून, असं म्हणाली नाही. होतं, असंही नाही. मी सांगितलं, चुकलं माझं. तिने सुपातला अर्धा तांदूळ माझ्या पुढ्यात ओतला आणि आम्ही अंधार पडेपर्यंत निवडत बसलो. नवी दोती तिने कापली नाही. तशीच घडी घालून पेटीत ठेवली.

९ ऑगस्टला पहाटे मुंबईत उतरते. तिथून सरळ सांगली, पुण्याला थांबत नाही. तुझी हिरवी बॅगेत तळाशी घातली आहे. कात्री तुझ्याकडची.